न सुटणारी गांठ

अकोल्याहून एका वृद्ध वाचकांचें पत्र आलें आहे. मजकूर थोडक्यांत असा : त्यांच्या तीर्थरूपांच्या चाळीस वर्षांच्या रोजनिशा अमरावतीच्या वडिलोपार्जित घरीं एका पेटींत होत्या. तें घर आतां विकावयाचें ठरलें आहे. धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांनीं सर्व रोजनिशांचीं पानें मोबाइलनें टिपलीं, त्या चित्रांची एक दाबलेली फाईल तीन खंडांत बांधली, आणि ती उतरवून घेण्याचा दुवा काकांस पाठविला. काकांनीं तिन्ही खंड उतरवून घेतले. परंतु ते उघडूं जातां 'फाईलचा शेवट अनपेक्षितपणें आला' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो आणि पुढें कांहीं होत नाहीं. संगणक जुना झाला, नवा घ्यावा काय, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटीं, सहज म्हणून, त्यांनीं आणखी एक ओळ लिहिली आहे : 'चित्रें मिळालींच आहेत, तेव्हां मूळ वह्या रद्दींत देण्यास बंधूंस कळविलें आहे.'

ह्या शेवटच्या ओळीनें आम्ही चपापलों. संगणकाचा प्रश्न आठ दिवस पडून राहिला असता तरी बिघडण्यासारखें नव्हतें. रद्दीवाला मात्र तितके दिवस थांबला नसता. म्हणून पत्रोत्तराच्या भरीस न पडतां आम्हीं दूरध्वनीनें त्यांस एवढेंच विनविलें कीं, फाईल उघडून शेवटचें पान डोळ्यांनीं दिसेपर्यंत वह्या आहेत तेथेंच असूं द्याव्या. सुदैवानें पेटी अद्याप माळ्यावरच होती. त्या फाईलचें पुढें काय झालें तें ओघानें येईलच.

असे प्रश्न आतां घरोघर पडूं लागले आहेत. विवाहाचीं छायाचित्रें, मुलांच्या अभ्यासक्रमाचे कागद, प्राप्तिकराचीं पत्रकें, स्तोत्रांचे ध्वनिमुद्रित संग्रह, हें सर्व आज गांठोडें बांधून येतें. तें सुटलें नाहीं म्हणजे गृहस्थ आधीं संगणकाला दोष देतो, मग मुलाला, आणि शेवटीं स्वतःच्या वयाला. आमचें म्हणणें असें कीं, ह्यांपैकीं बहुधा कोणाचाच दोष नसतो. रोग ठरविल्यावांचून औषध देऊं नये हा वैद्यकाचा नियम येथेंहि लागू आहे, आणि ह्या रोगाचीं कारणें मोजून सहाच आहेत. तीं क्रमानें तपासलीं तर पुष्कळ गांठी घरच्या घरीं सुटतात.

प्रथम गांठ म्हणजे काय तें पाहूं. वऱ्हाडांत राहणाऱ्यास त्यासाठीं दूर जावयास नको. अकोल्याच्या किंवा खामगांवच्या प्रेसमध्यें रुई कशी दाबतात हें आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलेलें आहे. खोलीभर पसरणारी रुई यंत्राखालीं दाबून, वरून पट्ट्या आवळून तिची गांठ करितात. हल्लीं अशी गांठ सामान्यतः १७० किलो वजनाची धरितात. रुईचा एक तंतूहि तींत कमी होत नाहीं. फक्त जागा कमी लागते आणि वाहतुकीस ती सोयीची होते. गिरणींत पट्ट्या तोडल्या कीं रुई पुनः फुगून येते. झिप फाईल ही अशीच गांठ होय. झिपची रीत अमेरिकेंतील फिल कॅट्झ ह्या गृहस्थानें १९८९ मध्यें प्रचारांत आणिली. त्याच्या नांवाचीं आद्याक्षरें, म्हणजे 'पी' व 'के' हीं रोमन अक्षरें, सामान्य झिप फाईलच्या अगदीं आरंभीं आजहि उमटलेलीं असतात. तीं पुढें आपल्या कामास येणार आहेत. त्यानंतर रशियांतील युजीन रोशाल ह्यांची 'रार' आणि इगोर पाव्लोव्ह ह्यांची 'सेव्हन-झेड' ह्या निराळ्या तऱ्हेच्या गांठीहि रूढ झाल्या.

रुईच्या व अक्षरांच्या गांठींत एक भेद मात्र आहे. अक्षरें यंत्राखालीं चेपतां येत नाहींत. त्यांची पुनरुक्ति तेवढी टाळतां येते. ह्या कामाची मुख्य युक्ति अब्राहम लेम्पेल व जेकब झिव ह्या दोन इस्रायली पंडितांनीं १९७७ मध्यें प्रसिद्ध केली. ज्यांनीं कौमुदी घोकली आहे त्यांस ती चटकन् कळेल. पाणिनि मागल्या सूत्रांतलें पद पुढल्या सूत्रांत पुनः उच्चारीत नाहीं. तें मागून चालत आलें आहे असें समजावयाचें असतें. ह्यालाच आपण अनुवृत्ति म्हणतों. दाबलेल्या फाईलमध्येंहि एकदां येऊन गेलेला मजकूर पुनः लिहीत नाहींत; 'इतकीं अक्षरें मागें जा आणि तेथून इतकीं घे' एवढीच खूण ठेवितात. त्यामुळें ग्रंथ आटोपशीर होतो. परंतु ज्या सूत्रावरून अनुवृत्ति यावयाची तेंच पान गहाळ झालें, तर पुढल्या सूत्रांचा अर्थ लागेल काय? दाबलेल्या फाईलचें असेंच आहे. साध्या मजकुरांत एक अक्षर बिघडलें तर एक शब्द बिघडतो. दाबलेल्या मजकुरांत एक अक्षर बिघडलें तर त्यापुढचें पुष्कळसें निरर्थक होतें. म्हणूनच अशी फाईल अर्धवट असली म्हणजे कुरकुर न करितां उघडत नाहीं. आणि ही कुरकुर आपल्या हिताची आहे.

आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. झिपच्या पोटांतील वस्तूंची मुख्य यादी तिच्या अगदीं शेवटच्या टोंकाला असते, जशी कांहीं पोथ्यांची अनुक्रमणिका शेवटीं असते. म्हणून शेवटचा तुकडा आला नाहीं तर आंतला बहुतेक माल येऊनहि संगणक 'ही झिप नव्हेच' असें म्हणतो. दुसरी गोष्ट तपासाच्या आंकड्याची. बांधतेवेळीं प्रत्येक वस्तूच्या सर्व अक्षरांवरून 'सी.आर.सी.' नांवाचा एक आंकडा काढून आंत ठेविलेला असतो. सोडतेवेळीं तो पुनः काढून ताडून पाहतात. रोजमेळाची बेरीज चुकली म्हणजे कोठें तरी चूक आहे एवढें कळतें, कोणत्या ओळींत आहे तें कळत नाहीं. ह्या आंकड्याचेंहि तसेंच. आपल्या पूर्वजांनीं ऋग्वेदाचीं, वालखिल्यें धरून, १०२८ सूक्तें मोजून ठेविलीं, अनुक्रमण्या रचिल्या, आणि तेच मंत्र पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनीं उलटसुलट म्हणण्याची शिस्त लाविली, ती ह्याच भयानें : पोंचविणाऱ्याच्या हातून एकहि अक्षर वाटेंत गळूं नये. आतां कारणें पाहूं.

पहिलें कारण : गांठ पुरती आलेलीच नसते. हें सर्वांत आधीं तपासावें. उन्हाळ्यांत वीज जाते, मोबाइलचें जाळें मध्येंच तुटतें, आणि उतरणारी फाईल अर्ध्यावर राहते. फाईलच्या नांवाच्या शेवटीं 'सीआरडाउनलोड' किंवा नुसतें 'पार्ट' असें लागलेलें दिसलें तर ती अद्याप उतरतच आहे अथवा उतरतां उतरतां थांबली आहे असें समजावें; तें शेपूट आपल्या हातानें खोडून कांहीं लाभ नाहीं. शेपूट नसलें तरी फाईलवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडावें आणि 'साइझ' ह्या शब्दापुढील बाइटांची पुरती संख्या लिहून घ्यावी. मेगाबाइटांच्या गोळाबेरजेवर विसंबूं नये, कारण तींत लहानसा तुटवडा लपून जातो. 'साइझ ऑन डिस्क' हा निराळा आंकडा असतो, तोहि नको. मग पाठविणारास त्याच्या मूळ फाईलचा तोच आंकडा विचारावा. दोन्ही आंकडे शेवटच्या अंकापर्यंत जुळले पाहिजेत.

अकोल्याच्या गृहस्थांचें कोडें येथेंच सुटलें. पुतण्यास विचारतां पहिल्या दोन खंडांचे आंकडे बरोबर जुळले; तिसरा खंड मात्र त्याच्याकडे होता त्याहून पुष्कळ लहान निघाला. खंड पाडलेल्या फाईलमध्यें शेवटचा खंड इतरांहून लहान असणें हें स्वाभाविकच असतें, म्हणून काकांस संशय आला नव्हता. दुव्याची मुदत संपण्यास दोन दिवस उरले होते. त्यांनीं रात्रीं पुनः तिसरा खंड उतरविला, तरीहि गांठ सुटेना! ह्याचें कारण मौजेचें आहे. त्याच नांवाची फाईल आधीं असली म्हणजे संगणक नव्या फाईलच्या नांवापुढें कंसांत १ असा आंकडा स्वतःच जोडतो. आणि खंड एकमेकांस नांवावरूनच ओळखत असल्यामुळें 'तिसरा' म्हणून जुना, अर्धवट खंडच पुढें येत राहतो. जुना खंड पुसून नव्यास मूळ नांव दिलें, तिन्ही खंड एकाच फोल्डरमध्यें ठेविले, आणि केवळ पहिल्यावर आज्ञा केली, तेव्हां सर्व रोजनिशा पानोपान उलगडल्या. नव्या संगणकाचा खर्च वांचला.

दुसरें कारण : आलेली वस्तु गांठच नसते. पुष्कळ ठिकाणीं फाईल घेण्यापूर्वीं नांव व खूणशब्द देऊन प्रवेश करावा लागतो. तो प्रवेश मध्येंच संपला तर फाईलऐवजीं 'पुनः प्रवेश करा' असें सांगणारें पानच फाईलचें नांव धारण करून आपल्याकडे येतें. मोठ्या संग्रहाची फाईल अवघ्या कांहीं किलोबाइटांची दिसली कीं हा संशय घ्यावा. खात्रीसाठीं ती 'नोटपॅड'मध्यें उघडावी. आरंभीं वर सांगितलेलीं 'पी' व 'के' हीं अक्षरें असलीं तर ती झिप. 'रार' असें असलें तर रार. आरंभींच्या टोकदार कंसांत 'एच.टी.एम.एल.' हीं अक्षरें दिसलीं तर तें संकेतस्थळाचें पान आहे असें जाणावें. पहात असतां फाईलमध्यें कांहीं लिहूं नये व ती न जतन करितां मिटावी. कांहीं वेळां ह्याच्या उलट होतें : वस्तु रार असते आणि कोणीतरी नांव तेवढें बदलून झिप केलेलें असतें. नांव बदलल्यानें जात बदलत नाहीं. नोटपॅडमधील आद्याक्षरें खरें तें सांगतात.

तिसरें कारण : गांठ नवी व हत्यार जुनें. विंडोजमध्यें झिप उघडण्याची सोय २००१ च्या एक्स-पी आवृत्तीपासून अंगचीच आहे. परंतु रार व सेव्हन-झेड उघडण्याची सोय विंडोज ११ मध्यें २०२३ सालीं आली. त्याहून जुन्या संगणकावर ह्या गांठी अंगच्या हत्यारानें सुटणार नाहींत. झिपमध्येंहि दाबण्याच्या नव्या रीती निघाल्या आहेत. 'ही रीत आधार नसलेली आहे' अशा अर्थाचा संदेश आला तर फाईल बिघडलेली नसून हत्यार अपुरें आहे. पाव्लोव्ह ह्यांचें 'सेव्हन-झिप' हें साधन फुकट मिळतें व बहुतेक सर्व तऱ्हेच्या गांठी सोडतें. मात्र तें त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावें. भलत्या ठिकाणाहून हत्यार आणणें म्हणजे कुलूप दुरुस्तीस चोराला घरांत घेणें होय. घेतलेलें साधन अधूनमधून नवें करावें हेंहि विसरूं नये. 'विन-रार' ह्या प्रसिद्ध साधनांतील उणिवांचा फायदा घेऊन भामट्यांनीं २०२३ व २०२५ ह्या दोन्ही सालीं लोकांच्या संगणकांत शिरकाव केला. कर्त्यांनीं उणिवा बुजविल्या; परंतु तें साधन आपणहून नवें होत नाहीं, नवी आवृत्ति आपणच आणून बसवावी लागते.

चौथें कारण : किल्ली चुकते. सरकारी कागदांच्या गांठींस बहुधा कुलूप असतें आणि किल्ली ठरलेली असते. प्राप्तिकराचें २६-ए-एस पत्रक गेलीं अनेक वर्षें मजकुराच्या रूपांत झिप होऊन मिळत आलें आहे. त्याची किल्ली म्हणजे करदात्याची जन्मतारीख, दिवस, महिना व वर्ष अशा क्रमानें आठ आंकड्यांत, मध्यें रेघ अथवा टिंब न घालतां. आधारच्या ऑफलाइन ई-केवायसीची झिप उतरवितांना जो चार आंकड्यांचा 'शेअर कोड' आपणच ठरवितों तीच तिची किल्ली असते; ती त्याच वेळीं कागदावर टिपून ठेवावी. किल्ली बरोबर असूनहि लागत नसेल तर तीन गोष्टी पहाव्या : आंकडे देवनागरी कळफलकावरून पडत नाहींत ना, मोठ्या लिपीची कळ दाबलेली नाहीं ना, आणि संदेशांतून उचलून ठेवितांना शेवटीं एक रिकामी जागा आली नाहीं ना. कुलूप लावलेल्या झिपमध्येंहि आंतल्या वस्तूंचीं नांवें बहुधा दिसतात. यादी दिसली म्हणजे गांठ सुटली असें मानूं नये. आणि अनोळखी माणसाकडून कुलूपबंद गांठ व तिची किल्ली अशीं दोन्ही एकाच पत्रांतून आलीं तर ती उघडूंच नये. कुलुपामुळें विषाणु-तपासणीस आंत पाहतां येत नाहीं, हें भामट्यांस पक्कें ठाऊक आहे.

किल्ली हरवली तर काय होतें ह्याचें मोठें उदाहरण आपल्या वऱ्हाडांतच आहे. मोर्शी तालुक्यांतील रिद्धपूर हें महानुभावांचें महास्थान. त्या पंथानें आपले ग्रंथ परक्यांच्या हातीं पडूं नयेत म्हणून सकळा लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत उतरविले. ग्रंथ टिकले, पोथ्या मठांतून जपल्या गेल्या. परंतु पंथाबाहेरील मराठी वाचकांस त्या कित्येक शतकें मुक्याच राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे ह्यांनीं त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हां मराठीच्या आद्य गद्याचें भांडार सर्वांस खुलें झालें. तेथें किल्ली पंथियांपाशीं तरी जिवंत होती. आजच्या कुलुपाची किल्ली जर एकट्या आपल्याच डोक्यांत असेल आणि आपण ती विसरलों, तर कोणी राजवाडे येऊन ती गांठ सोडवतील ह्या आशेवर राहूं नये. आणि 'हमखास उघडून देतों' म्हणून पैसे मागणाऱ्यांच्या नादीं तर मुळींच लागूं नये.

पांचवें कारण : सोडण्याची जागा अपुरी किंवा नांव लांब. गांठ आणि तिच्यांतून निघणारा माल ह्या दोहोंस एकाच वेळीं जागा लागते. तेवढी रिकामी नसेल तर काम मध्येंच थांबतें. पेनड्राइव्ह जुन्या 'फॅट ३२' पद्धतीचा असेल तर त्यावर ४ गिगाबाइटांची किंवा त्याहून मोठी एकहि फाईल मावत नाहीं, मग तो कितीहि मोठा व रिकामा असो. विंडोजमध्यें फोल्डरांसह फाईलच्या पुऱ्या नांवाची मर्यादा सामान्यतः २६० अक्षरांची आहे. फोल्डरांत फोल्डर आणि त्यांत लांबलचक मराठी नांवें असलीं कीं ती ओलांडली जाते. अशा वेळीं गांठ थेट 'डी' ड्राइव्हवर एखाद्या अल्पाक्षरी फोल्डरमध्यें सोडावी. मराठी नांवांच्या जागीं चित्रविचित्र चिन्हें उमटलीं तर घाबरूं नये. झिपमध्यें जगांतील सर्व लिप्यांचीं नांवें ओळखण्याची ठरीव खूण २००६ मध्यें आली. जुन्या साधनानें बांधलेल्या गांठींत ती नसते. तेथें नांवें बिघडतात, आंतला मजकूर शाबूत असतो. आणखी एक सामान्य चूक अशी कीं, प्राप्तिकराचें विवरण भरण्याची पुस्तिका झिपमधून न काढतां लोक आंतल्या आंतच उघडून भरूं लागतात, आणि ती जतन होत नाहीं म्हणून त्रासतात. बिछायत वळकटींतून सोडल्यावांचून तिच्यावर निजतां येत नाहीं! आधीं 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करावें, मग काम करावें.

सहावें कारण : गांठीस खरीच जखम झालेली असते. वरील पांचहि कारणें नसतां 'सी.आर.सी.' जुळत नाहीं असा संदेश आला, तर फाईल एकदां पुनः उतरवावी. मग काय होतें तें नीट पहावें. प्रत्येक वेळीं त्याच वस्तूवर अडत असेल तर पाठविणाराचीच प्रत दूषित आहे. कधीं येथें तर कधीं तेथें अडत असेल तर वाटेंत अथवा आपल्या संगणकाच्या स्मृतींत वा तबकडींत दोष आहे, म्हणून तीच फाईल दुसऱ्या संगणकावर सोडून पहावी. कांहीं संकेतस्थळें फाईलजवळ 'एस.एच.ए.-२५६' नांवाची ६४ चिन्हांची मुद्रा देतात. सेव्हन-झिपमध्यें उजव्या कळीनें ती काढून ताडतां येते. दोन्ही जुळल्या तर आलेली फाईल मुळाबरहुकूम आहे ह्याविषयीं शंका नको.

मूळ प्रतच उरली नसेल तर काय करावें? तरीहि सर्व गेलें असें नाहीं. झिपमध्यें प्रत्येक वस्तु स्वतंत्रपणें दाबलेली असते. तेव्हां शेवटची यादी गळालेली असली तरी सेव्हन-झिप पुष्कळदां आंतील शाबूत वस्तु एकेक करून काढून देतें. विन-रारमध्यें 'बिघडलेल्या फायली ठेवा' अशी एक खूण आहे, ती केल्यास अर्धवट मजकूर तरी हातीं लागतो. रार व सेव्हन-झेडमध्यें मात्र सर्व वस्तु एकत्र सलग दाबण्याची रीत आहे. त्या रीतीनें बांधलेली गांठ मध्यें दुखावली तर पुढचा सर्व माल जातो. रारमध्यें आधींच 'रिकव्हरी रेकॉर्ड' घातलें असेल तर जखम भरून निघूं शकते. जखम झाल्यावर मात्र तें घालून उपयोग नसतो. दुरुस्तीचा प्रयोग नेहमीं फाईलच्या नकलेवर करावा, मूळ बिघडलेली फाईल तशीच ठेवावी.

इतकें सोडणारांविषयीं झालें; परंतु निम्मे रोग बांधणाराच्या हातीं टळतात, म्हणून घरांतील तरुण मंडळींस चार शब्द सांगावेसे वाटतात. मोबाइलचीं चित्रें काढतेवेळींच दाबलेलीं असतात. त्यांची झिप केल्यानें आकार जवळजवळ कमी होत नाहीं, केवळ एकत्र बांधणें तेवढें साधतें. तेव्हां वडील माणसांस चित्रें पाठवावयाचीं असतां एक प्रचंड रार खंडांत पाडण्याऐवजीं एकेका वहीची निराळी, लहानशी झिप करावी. एक बिघडली तर एकच पुनः पाठवावी लागेल. बांधून झाल्यावर आपल्याच संगणकावर 'टेस्ट'ची आज्ञा देऊन गांठ धड आहे ना तें पहावें. बरोबरच्या पत्रांत तीन आंकडे लिहावे : खंड किती, आंत वस्तु किती, आणि प्रत्येक फाईलचे बाइट किती. किल्ली असेल तर ती निराळ्या मार्गानें कळवावी. आणि दुव्याची मुदत कोणत्या तारखेस संपते हें काका-काकूंस दूरध्वनीनें सांगावें. तें बारीक इंग्रजी अक्षरांत कोणी वाचीत नाहीं.

शेवटीं ह्या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट सांगतों. फाईल आली म्हणजे कागद आले असें नव्हे. ती सुटली पाहिजे, आंतल्या वस्तूंची संख्या पत्राशीं जुळली पाहिजे, पहिलें, मधलें व शेवटचें पान उघडून वाचतां आलें पाहिजे, आणि तिची दुसरी प्रत निराळ्या जागीं ठेविली गेली पाहिजे. तोंपर्यंत मुळाला हात लावूं नये. रिद्धपुराचाच दाखला द्यावयाचा तर, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटांनीं मोठ्या कष्टानें माणसांमाणसांकडून विचारून चक्रधरस्वामींच्या लीळा एकत्र केल्या. ती मूळ प्रत पुढें परचक्राच्या धामधुमींत नाहींशी झाली, आणि मागाहून ज्यांस जसें स्मरलें तशी ती पुनः लिहिली गेली, असें परंपरा सांगते. लीळाचरित्राच्या पोथ्यांत आज जे पाठभेद आढळतात त्यांचें एक कारण हेंच सांगतात. त्या काळीं स्मरण करणारे शिष्य तरी पुष्कळ होते. एखाद्या घरच्या वडिलांची रोजनिशी गेली तर ती स्मरणांतून पुनः लिहिणारा कोण आहे?

घर लहान झालें, माळे नाहींसे झाले, जुने कागद ठेवावे कोठें हा प्रश्न खरा आहे. चित्रें काढून ठेवणें हा त्यावर चांगलाच उपाय आहे, आणि मुलें तो आपणहून करितात ही आनंदाची गोष्ट. पण जी पेटी पन्नास वर्षें माळ्यावर राहिली ती आणखी पंधरा दिवस राहूं शकते. तेवढ्या अवधींत वरील सहा गोष्टी तपासून होतात.